बाकावरची संगत

“माणूस संगतीनं घडतो,” डॉक्टर झालेली हेमांगी शाळेच्या स्नेहमेळाव्यात माइकवरून सांगत होती. “नववीत गणिताच्या बाईंनी मला वैजयंताशेजारी बसवलं, म्हणून मी आज इथं उभी आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वैजयंतानंही वाजवल्या. आतून मात्र काहीच हललं नाही, जणू दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं होतं.

हुशार मुलीशेजारी कच्ची मुलगी, हा बाईंचा नेमच. दोन वर्षं वैजयंता हेमांगीला कालचं गणित कुजबुजत समजावायची आणि फळ्यावरचं आजचं गणित तोवर पुसलं जायचं. दहावीला हेमांगीला पहिला वर्ग मिळाला, वैजयंताचे टक्के घसरले. “हिचं डोकं एवढंच,” म्हणत वडिलांनी शिक्षण थांबवलं आणि स्थळं बघायला घेतली.

मेळाव्यात जेवताना, आता म्हाताऱ्या झालेल्या त्याच बाई वैजयंताजवळ येऊन बसल्या. पाठीवर हात ठेवून हळहळल्या, “तू तर हेमांगीहून हुशार होतीस. मग तुझंच असं कसं गं झालं?”

वैजयंतानं भातात वरण कालवलं. वेळ विचारल्यावर सांगावी, तशा सपाट आवाजात म्हणाली,

“बाई, माझ्या शेजारी हेमांगी होती ना.”