मालक बाहेरगावी गेलेत

गाडीतून उतरणाऱ्या माणसाला ओळखताच विद्याधरच्या हातातली चार्जिंगची केबल गळून पडली. तो बँकेत मॅनेजर असताना हा सबनीस सहीसाठी त्याच्या केबिनबाहेर ताटकळायचा. स्वेच्छानिवृत्ती घेऊन हायवेवर चार्जिंग स्टेशन टाकलं, तेव्हा 'बिझनेस करतोय' एवढंच त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. लोकांच्या गाड्यांना स्वतः केबल लावतो, हे नव्हतं सांगितलं. तो चटकन खोलीत शिरला आणि दार लोटून घेतलं.

बायकोने, शरयूने, ती जड केबल दोन्ही हातांनी ओढत नेली. टोक काही गाडीत बसेना.

"ताई, मालकांना बोलवा ना," सबनीस म्हणाला.

"ते बाहेरगावी गेलेत," शरयू उत्तरली. अडखळलीसुद्धा नाही.

दाराआड विद्याधर लाजेने चूर झाला. आपल्याला या कामाची लाज वाटते, हे त्याने तिला कधी कळू दिलं नव्हतं. तिने मात्र उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं.

सबनीसची गाडी चार्ज होऊन निघून गेली, तसा तो खाली मान घालून बाहेर आला आणि केबल गुंडाळायला वाकला.

"राहू द्या," शरयू शांतपणे म्हणाली, "आता जमतं मला."