समोरचा चेहरा

शनिवारी सकाळी वडिलांची दाढी करता करता तिने शेजारच्या कुत्र्याने पोस्टमनची टोपी पळवल्याची गोष्ट रंगवून सांगितली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. आजाराने स्नायू ताठरलेत, हे डॉक्टरांनी समजावलं होतं, पण तिच्या डोळ्यांना ते पटत नसे. ती वरमली आणि उरलेला गाल तिने मुकाट्याने उरकला. रविवारी पहाटे ते गेले.

आठवड्याने, त्यांच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाई आपले व्यायामाचे रबरी पट्टे न्यायला आल्या.

"तुमच्या गोष्टींवर फार हसायचे हो."

"बाबा? आणि हसायचे?"

"पोट हलायचं त्यांचं. शनिवारी दुपारी ती टोपीची गोष्ट मला सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली, पण पूर्ण केली." बाई दारात घुटमळल्या. "एक मात्र सारखं विचारायचे. लेक माझ्यावर चिडलीय का? हल्ली हसतच नाही."

दोन वर्षं त्या न हलणाऱ्या चेहऱ्यासमोर बसून तिचाही चेहरा थिजत गेला होता.

बाई गेल्यावर ती रिकाम्या खुर्चीसमोर बसली.

"बाबा, मी चिडले नव्हते," ती मोठ्याने म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हीच चिडलाय."