त्या वर्षीचे दहा सिनेमे

“बुडते बाबा, बोट बुडते!” मुलानं मोबाइल बापाच्या नाकासमोर धरला. “हे बघा, स्पष्ट लिहिलंय. धाकटा भाऊ बोटीत असतो. बोट बुडते, तो मरतो, थोरला धक्क्यावर वाट बघत राहतो. संपला सिनेमा.”

“लिहिणाऱ्यानं पाहिलाय का?” बाबा म्हणाले. “मी पाच वेळा पाहिलाय. धाकटा बोटीत चढतो. हात हलवतो. बोट घराकडे निघते. समाप्त. आता निघालेला माणूस पोचणारच ना? न पोचायला काय झालंय त्याला?”

मुलानं लाल पेनानं आणखी एक फुली मारली. तो शाळेत मास्तर होता. दुसऱ्याची चूक त्याला दहा हातांवरून दिसायची. स्वतःची मात्र आजवर एकदाही दिसली नव्हती.

लेकीनं मान खाली घातली. ही परीक्षा तिनंच काढली होती. महिन्याभरात बाबांनी दोनदा गॅस चालू ठेवला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आजचं विसरतात ते या वयात चालायचंच, पण जुन्यातही घोळ व्हायला लागला असेल तर यांना एकटं ठेवू नका. दादानं दुसऱ्याच दिवशी वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला. ती उसळून म्हणाली होती, “जुन्यात घोळ? बाबांना त्या वर्षीचे दहाही सिनेमे तोंडपाठ आहेत. विचार खुशाल. घोळ निघाला तर मी स्वतः सही करते.”

ते वर्ष घरात सगळ्यांच्या परिचयाचं होतं. दोघं भावंडं तेव्हा जन्मलीही नव्हती. बाबा कारखान्यात लेथ चालवायचे. गावात एकच थिएटर होतं, वर्षभरात त्यात दहा सिनेमे लागले आणि दहाच्या दहा सोनं. असं वर्ष सिनेमाला पुन्हा आलं नाही, हे बाबांचं ठाम मत. लेक त्या गोष्टी ऐकत ऐकत जेवायला शिकली. तिनं यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता. बाबांनी सांगितल्यावर पाहायची गरजच काय?

आज बाबांनी गाणी बरोबर सांगितली, संवाद बरोबर सांगितले, नायिकेच्या कानातलं कुठल्या प्रसंगात हरवतं तेही सांगितलं. घोडं अडलं ते शेवटाला. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार बरोबरच्या खुणा होत्या आणि सहा फुल्या. चार सिनेमांत शेवटी लग्नं लागत होती किंवा हरवलेली माणसं भेटत होती. उरलेल्या सहांत बाबांनी कोणाला मरूच दिलं नव्हतं. तापानं फणफणलेली पोर शांत झोपते, म्हणजे बरी होते. फाशीची शिक्षा झालेला माणूस दयेचा अर्ज लिहितो, म्हणजे सुटतो.

“कर सही,” मुलगा म्हणाला. फॉर्म पुढे सरकवताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात दारात ऑपरेटर उभा राहिला. थिएटरचं मशीन चालवणारा माणूस. थिएटर पाडून वीस वर्षं झाली, तरी गाव त्याला ऑपरेटरच म्हणायचं. बाबांना वृद्धाश्रमात पाठवणार असं ऐकून तो मित्राला भेटायला आला होता. लेकीला रडू आवरेना. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. “काका, सहा शेवट चुकले हो! तो बोटीचा, तो तापातल्या पोरीचा…”

ऑपरेटर खुर्ची धरून बसला. मग बाबांचे चुकलेले उरलेले चार सिनेमे कोणते, ते त्यानंच सांगितलं. एकही चुकला नाही.

“तुम्हाला कसं कळलं?” मुलानं विचारलं.

“त्या सहांचं शेवटचं रीळ मी लावलंच नाही,” ऑपरेटर म्हणाला. “डब्यातच ठेवलं. कोणी मरायच्या आत सिनेमा थांबवायचा आणि माझ्याकडची ‘समाप्त’ची पट्टी जोडून द्यायची. मालकालाही पत्ता लागला नाही.”

“अहो, पण का?”

ऑपरेटरनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर बाबांच्या धाकट्या भावाचा फोटो होता. ऐन विशीतला, केस नीट विंचरलेले.

“त्या वर्षाच्या सुरुवातीलाच कारखान्यात बॉयलर फुटला. तेवीस माणसं गेली, त्यात हा. पंधरा दिवसांनी थिएटर उघडलं तर खाली सगळे त्याच घरांतले. आणि सिनेमा आलेला बोटीचा. मी आधी एकट्यानं लावून पाहिला. म्हटलं, छे, या लोकांसमोर आता आणखी कोणाला मारायचं नाही. एकदाच करणार होतो. मग वर्षभर हातच धजला नाही.”

“म्हणजे बाबांनी पाहिलं तेच सांगितलं,” लेक म्हणाली. “दादा, दहापैकी दहा! गॅसचं मी बघते. येऊन राहते इथं.”

मुलानं फॉर्म उचलला. फुल्यांकडे एकदा पाहिलं. मग दोन तुकडे केले, चार केले आणि खिशात कोंबले. ऑपरेटर डोळे पुसत होता. लेक रडता रडता हसत होती. बाबांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

बाबा फोटोकडे बघत होते.

“म्हणजे,” ते हळूच म्हणाले, “तो धाकटा घरी येत नाही?”

ऑपरेटरनं मान फिरवली. मुलानं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि तो बापाच्या शेजारी जाऊन बसला.

“येतो, बाबा,” तो म्हणाला. “माझ्याच वाचण्यात चूक झाली.”