पपईच्या फोडी

कामानिमित्त बाहेरगावी गेलं की दोघींना मिळून एकच खोली, हा आमच्या कंपनीचा नियमच. क्रांती चौकाजवळच्या त्या हॉटेलात म्हणूनच मी आणि अपेक्षा एका खोलीत होतो. बॅग टेकवली तोच मला उलटी झाली. अपेक्षा पाठ चोळत राहिली, मग खाली जाऊन लिंबू घेऊन आली. मला राहवलं नाही. दिवस गेल्याचं तिला सांगून टाकलं.

"नवऱ्याला पण अजून सांगितलं नाय," मी म्हणाले. "घरी गेल्यावर सांगणार. आणि साहेबांच्या तर कानावर जाऊच देऊ नको. शेंद्र्याच्या नव्या प्लांटची इनचार्ज मग मला कशाला करतील?"

"येडी का तू? तुझ्या हक्काची जागा हाय ती. मी कशाला सांगू?"

सकाळी नाष्ट्याला साहेबांनी जाहीर केलं, "शेंद्र्याला अपेक्षा जाईल."

तोंडाशी नेलेला घास मी परत ताटात ठेवला. तरी मी उठले आणि अपेक्षाला मिठी मारली. तिचं कामही चांगलंच आहे, आपणच कुठंतरी कमी पडलो, असं मनाला समजावत मी फळांच्या टेबलाकडं गेले. बशीत पपईच्या दोन फोडी घेतल्या.

मागून आलेल्या साहेबांनी ती बशी अगदी मायेनं माझ्या हातातून काढून घेतली.

"पपई नको खाऊस, करुणा. दोन जिवांची आहेस आता."