कार्डाची मागची बाजू

कलादालनात शिरताच हेमलताताईंना आपल्या धाकट्या भावाची पोस्टकार्डं भिंतीवर ओळीनं मांडलेली दिसली. श्रीपाद चित्रकार होता. जाईल त्या गावाचं चित्र कार्डावर रंगवायचा आणि मागच्या बाजूला चार ओळी लिहून ताईला पाठवायचा. तो गेल्यावर प्रदर्शनासाठी हेमलताताईंनीच ती कार्डं हौसेनं दिली होती.

“मागचं लिहिलेलं जरा बघू का?” त्यांनी संयोजक मुलीला विचारलं.

मुलगी ओशाळली. “कार्डं पुठ्ठ्यावर पक्की चिकटवलीत, आजी. काढायला गेलो तर चित्र फाटेल. मला वाटलं, तुम्हाला सगळं पाठच असेल.”

हेमलताताईंनी काचेवर हात टेकला. आत नदीचा घाट होता. कडेला मागची निळी शाई फुटून आली होती, पण अक्षरं लागत नव्हती.

एक गृहस्थ जवळ आले. “काय रंग आहेत! पत्रात काय लिहायचे हो तुमचे बंधू?”

“तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार,” त्या उत्साहानं म्हणाल्या आणि थांबल्या. पुढे प्रकृती, पाऊसपाणी, सगळेच लिहितात ते आठवत होतं. श्रीपादचं असं एकही वाक्य ओठांवर येईना.

गृहस्थ अदबीनं वाट पाहत उभे होते.