मांडवाच्या दारी कोण आलं

शनिवार मावळला, शब्बाथ सुटला, आभाळात तारे दिसले आणि डोंबिवलीतल्या त्या इमारतीच्या गच्चीवर वाकरूळकरांच्या बायका मेंदीची गाणी म्हणायला बसल्या. लग्न दुसऱ्या दिवशी, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये. नवऱ्याकडची माणसं पनवेलहून निघाली होती, पण शीळफाट्यावर अडकली. ती आल्याशिवाय मेंदी लावायची नव्हती. तोवर गाणी.

शरोन हिरवी साडी नेसून मधोमध बसली होती. पुढ्यात मेंदीचं ताट. तिची सिफोरा मावशी पुढे म्हणत होती, बाकीच्या मागून.

"मांडवाच्या दारी कोण गं आली?
मावशी आली, मेंदी लावून गेली.
ऊठ गं शरोन, दार उघड."

दर कडव्याला एक नातं. मावशी झाली, मामी झाली, आत्या झाली. काकूच्या कडव्याला काकूनं उठून गिरकी घेतली आणि सगळ्या पोट धरून हसल्या.

देवयानी समोरच्या फ्लॅटमधली, नुकतीच राहायला आलेली. गाणं शिकलेली होती. ती सिफोराच्या कानाशी वाकली. "मागे कोण गातंय हो? तो बारीक आवाज. शेवटच्या शब्दावर जरा रेंगाळतो बघा. काय गोड आहे!"

सिफोरानं मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत चुलत बहिणी बसल्या होत्या, त्यांच्या मागे कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या आणि पलीकडे पाण्याची टाकी. तिनं पुढचं कडवं घेतलं आणि कान दिला. सगळ्यांचं 'उघड' म्हणून झालं. मग आणखी एक 'उघड' आलं. किंचित मागून.

असं घरात एकच जण गायचं. लहानपणी सगळ्या तिला त्यावरून चिडवायच्या. दीना, सिफोराची धाकटी बहीण. शरोनला जन्म देऊन त्याच दिवशी गेलेली.

मोठ्या बायकांना कळलं. टाळ्यांचा जोर ओसरला. लेया मामीनं सिफोराचं मनगट धरलं.

"थांबव."

"थांबले तर ती जाईल, वहिनी."

"आणि नाही गेली तर?"

सिफोरानं मनगट सोडवून घेतलं. तिनं पुढचं कडवं सुरू केलं. पण अर्ध्यात तिचा आवाज फुटला.

"मावशी, काय झालं?" शरोननं विचारलं. "कोण गातंय ते?"

गाणं चालूच होतं. सिफोरा तिच्याजवळ सरकली.

"तुझी आई."

शरोनला हसू आलं. मग ते तोंडावर तसंच राहिलं. ती टाकीच्या दिशेनं बघत राहिली, बराच वेळ. आईचा फोटो तिनं पाहिला होता. आवाज कधी ऐकला नव्हता.

"मग थांबू नका ना," ती म्हणाली. "प्लीज, मावशी."

नाती संपली तेव्हा बायकांनी शेजारणी घेतल्या. मग भाजीवाली आली, दूधवाली आली, शाळेतली बाई आली. कुणी हसत नव्हतं. फक्त आईचं कडवं कुणी घेतलं नाही. एरवी ते सगळ्यात शेवटी असतं; आज ते गाळायचं, असं आधीच ठरलं होतं.

आणि दर कडव्याला तो आवाज थोडा पुढे येत होता. आधी टाकीपाशी होता. मग चादरींपाशी. मग तो शेवटच्या रांगेत आला. तिथे बसलेल्या मुली काही न बोलता उठल्या आणि पुढे येऊन बसल्या. मागे सतरंजी रिकामी राहिली.

जिन्यात पावलं वाजली. शरोनचे वडील रूबेन धापा टाकत गच्चीच्या दारात आले.

"आले, आले ते! गाड्या खाली लागल्या. चला, आवरा आता."

बायका एकदम गप्प झाल्या. जणू कुणीतरी थांबा म्हणायची त्या वाटच बघत होत्या.

आवाज गप्प झाला नाही.

"मांडवाच्या दारी कोण गं आली?" तो एकटाच गात होता, आता अगदी शरोनच्या पाठीशी. "आई आली, नाही गं गेली."

खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. कुणीतरी ढोलकी वाजवायला लागलं. वर कुणी हललं नाही.

"ऊठ गं मोझेल, दार उघड."

मोझेल नावाचं घराण्यात कुणीच नव्हतं. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. रूबेन मात्र दाराला धरून हळूहळू खाली, पायरीवर बसले.

"हे नाव आम्ही दोघांनीच ठरवलेलं," ते म्हणाले. "मुलगी झाली तर म्हणून. ती गेली, मग मी कुणाला सांगितलंच नाही."

सिफोरा झटकन पुढे झाली, शरोनच्या तोंडावर हात ठेवायला; गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नसते. पण शरोन तेवढ्यात उठून उभी राहिली होती, मागे वळली होती.

"ओ," ती म्हणाली.