तेवीस गळे

"एक वाजून पाच," स्वराली म्हणाली. "शिराझमध्ये चार पस्तीस. लाव आता."

कियानने डोक्यावरचा निळा रुमाल पुन्हा सारखा केला. "दाढी दिसतेय का?"

"हनुवटीला अजून पावडर लाव. आणि गळा झाक."

मँचेस्टरच्या जुन्या कापडगिरणीतला तो स्टुडिओ थंडगार होता. भिंतीवर प्लास्टरचे तेवीस गळे ओळीने टांगलेले. कियानने हार्मोन घ्यायला सुरुवात केल्यापासून दर महिन्याला स्वतःच्या गळ्याचा साचा काढला होता. प्रत्येक गळ्यात एक छोटा स्पीकर, आणि त्यातून त्या त्या महिन्याच्या आवाजात दोनच शब्द: "सलाम, मामान." मामान म्हणजे आई. पहिल्या गळ्यातून मुलगी बोलायची, तेविसाव्यातून पुरुष. शनिवारी लीड्सला प्रदर्शन होतं.

स्वराली ध्वनिशास्त्रात पीएचडी करत होती. त्या आवाजांची मोजमापं तिचीच: दोनशे दहा हर्ट्झपासून खाली एकशे पंधरापर्यंत. आणि खाली गेलेला तो आवाज दर रविवारी पुन्हा वर चढवणारा प्रोग्रॅमही तिनेच लिहिला होता. कियान व्हिडिओ कॉलवर लॅपटॉपपुढे बोलायचा आणि तिकडे शिराझला त्याच्या आईला तिची मुलगी कतायून ऐकू यायची.

आईला काही कळू द्यायचं नाही, हे त्याने सुरुवातीलाच ठरवलं होतं. तिचं हृदय अर्ध्याच ताकदीने चालत होतं. खाला, म्हणजे तिची बहीण, दर वेळी बजावायची, धक्का बसेल असं काही बोलू नकोस.

त्यात दीड वर्षापासून आई विसरायला लागली होती. पहिल्यांदा मुलीचं नावच गेलं. नुसतं "जान" म्हणायची. मग मुलीच्या लग्नाचा विषय गेला, जो तिने दहा वर्षं लावून धरला होता. मग तिला कधी न झालेला एक मुलगा आठवायला लागला. "तुझा भाऊ जेवला का?" दर रविवारी विचारायची. गेल्या महिन्यात तर त्या भावासाठी स्वेटर विणून पाठवला. करडा, उंच गळ्याचा. ते पार्सल मांडीवर घेऊन कियान ढसाढसा रडला होता. आज थंडी एवढी होती की तोच स्वेटर झग्याखाली घालून तो बसला होता.

स्वरालीला एकच गोष्ट खटकायची. मागून तिचा आवाज ऐकू आला की हीच बाई तिच्या प्रबंधाची चौकशी करायची, तारखेसकट. विसरण्याचा हा आलेख नीट बसत नव्हता. पण एका माणसाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढायचे नसतात, म्हणून तिने तो विषय सोडून दिला होता.

आज रविवार नव्हता. मंगळवार होता. उद्या सकाळी आईची छाती उघडणार होते. डॉक्टर फिफ्टी-फिफ्टी म्हणाले होते.

"रिंगच जात नाहीये," कियान म्हणाला.

स्वरालीने आणखी दोन अ‍ॅप उघडून पाहिली. मग बातम्या. "तिकडचं इंटरनेटच बंद आहे. सगळीकडचं."

"कधी येईल?"

तिने बातम्यांचं पान पुन्हा रिफ्रेश केलं.

कियान उठला, बसला, परत उठला. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. नंबर इराणचा.

"खाला असणार. इस्पितळातल्या फोनवरून करत असेल."

"मग घे ना!"

"कसा घेऊ? तुझा प्रोग्रॅम लॅपटॉपवर आहे, गाढवे. यावर माझाच आवाज जाईल."

"घसा बसलाय म्हण."

"घसा बसून कुणी बाप्या होतं का?"

दोघं हसणार होते, पण हसू फुटलं नाही. फोन वाजून वाजून बंद पडला. कियानने डोक्यावरचा रुमाल ओढून काढला आणि त्यातच तोंड खुपसलं. "उद्या ती टेबलावरून उठली नाही तर शेवटचं काय? मी फोन उचलला नाही, हे?"

फोन पुन्हा वाजला.

त्याने तो उचलून स्वरालीच्या हातात कोंबला. "तू बोल."

"वेडा झालास का? मला फारसी जेमतेम..."

"दोन वर्षं ऐकतेयस तिला. येतं तुला तेवढं. चारच वाक्यं बोल. सलाम मामान. मी बरी आहे. घाबरू नकोस. माझा जीव आहे तुझ्यावर. लाइन खराब असेल, तिला काय कळणार? आणि मी तिला आठवतोच कुठे, स्वरा? तिला फोनवर एक मुलगी हवी आहे. कुठलीही चालेल."

स्वरालीने कॉल घेतला आणि स्पीकर लावला.

"सलाम, मामान."

पलीकडे कसलं तरी यंत्र टिकटिकत होतं. कुणीतरी जड श्वास घेत होतं. कियानने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. स्वरालीने उरलेली तीन वाक्यं म्हटली, एकेक, परीक्षेला म्हणावीत तशी.



मग आई बोलायला लागली. परक्या माणसाला कळावं म्हणून बोलतात तसं सावकाश, सोप्या शब्दांत. स्वरालीला शब्द न् शब्द कळला.

"छान बोललीस, स्वराली जान. पंधरा तारखेला प्रबंध दिलास ना? आता फोन माझ्या मुलाकडे दे. स्वेटर खांद्यात बसला का, ते मला त्याच्या स्वतःच्या आवाजात ऐकायचंय."